सतरा नक्ष्या आणि एक डावी बाजू

गारखेड्यातल्या कुठल्याही जुन्या गल्लीतून चालत निघालं की माझ्या वडिलांच्या हातची एखादी तरी खिडकी दिसतेच. आता तिथं इमारती उठल्या, सरकत्या काचा आल्या. पण ज्या घरांना अजून कुणी हात लावलेला नाही, तिथल्या ग्रिल बहुतेक बाबांच्याच. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. घराला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. सकाळची वंदना झाली की ते शेड उघडत, फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेत आणि ती वाळली की गुडघ्यांवर बसून खडूनं नक्षी काढत. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. खिडकी जेवढी, तेवढीच नक्षी फरशीवर. मग एकेक लोखंडी पट्टी वाकवायची आणि त्या खडूच्या रेघेवर ठेवून बघायची. बसली तर बसली, नाहीतर पुन्हा वाकवायची.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेतून आले की दप्तर टाकून शेडच्या पायरीवर बसायची. वेल्डिंगच्या ठिणगीकडे बघायचं नाही, एवढी एकच अट होती. बाकी मग कितीही वेळ बसा. बाबा बोलत फार नसत, पण हातातलं काम मला दिसेल अशा बेतानं थोडं तिरकं बसायचे. ते माझ्यासाठी बसायचे, हे मला फार उशिरा कळलं.

आज मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पण एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी ते सोडून द्यायच्या बेतात होते. कारण होतं सममिती. शाळेत फुलपाखरू मधोमध दुमडून शिकवतात, ते सोपं असतं. इथं मात्र अख्खा रेणू मनातल्या मनात धरायचा, एखाद्या आसाभोवती फिरवायचा, आरशात बघायचा, आणि सांगायचं की तो आधीसारखाच दिसतो की नाही. वर्गातल्या बाकीच्यांना ते जमत होतं, निदान तसं वाटत होतं. माझ्या डोक्यात काहीच फिरत नव्हतं. काड्या-गोळ्यांचं मॉडेल हातात घेतलं तरी पाचव्या मिनिटाला डावं कुठलं न् उजवं कुठलं याचा गोंधळ व्हायचा. चाचणीत मी नापास झाले. घरी सांगितलं नाही. आईला चेहऱ्यावरून कळलं, आणि आईला कळलं म्हणजे बाबांना कळलं.

त्याच आठवड्यात शेडमध्ये एका बंगल्याचं मोठं फाटक तयार होत होतं. दोन पाखी, म्हणजे दोन झडपांचं फाटक, प्रत्येक पाखीला पिळाच्या सात सळया. चौकोनी सळई तापवून पिळली की दोरीसारखी दिसते, तशा. दोन्ही पाखी भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या, नुसता रंग द्यायचा बाकी होता. बाबा समोर उभे राहून बघत होते, आणि बघता बघता त्यांनी डोक्याला हात लावला. मी विचारलं काय झालं. मला तर काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. ते म्हणाले की सगळ्या सळया एकाच बाजूला पिळल्या गेल्या. डाव्या पाखीचा पीळ डावीकडून चढायला हवा आणि उजव्या पाखीचा उजवीकडून, तर दोन्ही पाखी समोरासमोर बघतात. आता दोघींची तोंडं एकीकडेच झाली आहेत.

मी म्हटलं, मग या पाखीतल्या सळया काढून उलट्या लावा, खालचं टोक वर. झालं.

बाबांनी एक सुटी राहिलेली पिळाची सळई माझ्या हातात दिली.

"कर उलटी."

मी केली. खालचं टोक वर, वरचं खाली. पीळ तसाच चढत होता, जसा आधी चढत होता. मी ती आडवी धरली, पाठमोरी धरली, गरकन फिरवली. पीळ हलायला तयार नाही.

"डावा पीळ डावाच ऱ्हातो बग," बाबा म्हणाले. "कशीबी फिरव. त्याला उजवा करायचा तर तापवून उकलावा लागतो आन पुन्ना दुसऱ्या बाजूनं पिळावा लागतो. नायतर मग आरशात बगायचं."

मी ती सळई घेऊन घरात पळाले. आईच्या कपाटाच्या आरशासमोर धरली. हातातला पीळ डावा होता आणि आरशातला उजवा. मधे नुसती एक काच. दोन महिने पुस्तकात जे वाचून मला उमगत नव्हतं, ते दोन हात लांबीचं, काळं आणि जड, माझ्या मुठीत होतं. काही रेणूंना आरशातलं एक जुळं असतं. तेच अणू, तितकेच, तशाच जोडण्या. पण जगात कुठल्याही दिशेनं फिरवा, एकाचं दुसरं होत नाही. मला रडू आलं, आणि ते नापास झाल्याचं नव्हतं. माझ्या बापाला हे माहीत होतं. कुणी न शिकवता, हातांना माहीत होतं.

फाटकाच्या मालकाला काहीही कळलं नसतं. तरी बाबांनी चार दिवस जास्त मागून घेतले आणि एका पाखीच्या सातही सळया नव्यानं पिळल्या.

त्यानंतर मी शिकलेलं घरी आणायला लागले. एका संध्याकाळी आई पुदिना निवडत होती. मी फळीवरून बाळंतशेपांची बरणी काढली, चिमूटभर शेपा तळहातावर चोळून बाबांच्या नाकाशी धरल्या, मग पुदिन्याचं पान चुरगळून धरलं. वासात काही सारखं आहे का, विचारलं. ते नाही म्हणाले. मग मी सांगितलं की या दोन्ही वासांमधला मुख्य रेणू एकच आहे. फक्त पुदिन्यातल्याचा पीळ एका बाजूचा आणि शेपांमधल्याचा दुसऱ्या. आरशातली जुळी.

बाबांनी दोन्ही आपल्या हातात घेतलं. एका हातात पान, दुसऱ्या हातात शेपा, आणि आळीपाळीनं वास घेणं चाललेलं. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला, जो वर्गात आजवर माझ्या मोजक्याच विद्यार्थ्यांनी विचारलाय: फरक नुसता पिळाचा आहे तर तो नाकाला कसा कळतो? मी म्हटलं, डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घातली की पायाला कळतं ना, तसं. नाकातही वास धरणाऱ्या जागा आहेत, आणि त्यांनाही डावं-उजवं आहे.

"म्हंजी आपुन आतून बी पिळाचेच हाव," ते म्हणाले.

आईनं पुदिन्याची जुडी ओढून घेतली. दोघा बापलेकींनी वास घेऊन घेऊन तिची चटणी संपवली होती.

मग सतराचं प्रकरण सुरू झालं. मला नोकरी लागली होती, आणि सुटीच्या दिवशी बाबा मला स्कूटरवर मागं बसवून जाळ्या बघायला न्यायचे. मकबऱ्यात लोक मोबाईल वर करून घुमटाचे फोटो काढत, आणि हे गृहस्थ संगमरवरी जाळीवर तळहात टेकवून उभे असत. हिमरूची, म्हणजे सुती-रेशमी विणीची, शाल बघायला आम्ही शहागंजकडच्या एका दुकानात गेलो, तर त्यांनी आधी शाल उलटी करून मागची बाजू बघितली. दुकानदारानं विचारलं, विणकर आहात का. बाबा म्हणाले, नाही, लोखंडाचा आहे.

परतताना मी त्यांना गणितातली एक गोष्ट सांगितली. सपाट जागेवर चहूकडं पसरत जाणारी, पुन्हा पुन्हा तीच येणारी नक्षी घेतली, मग ती जाळी असो, शाल असो, फरशी असो, तर तिच्या मांडणीचे प्रकार सतराच. फूल कुठलंही घाला, पान कुठलंही घाला. ते फिरवायचं कसं, पलटायचं कसं, सरकवायचं कसं, याच्या रीती मोजल्या तर सतरा होतात. अठरावी नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

बाबांनी स्कूटर बाजूला घेतली.

"अठरा कामून नाय?"

मी म्हटलं, सिद्धता लांबलचक आहे, घरी गेल्यावर दाखवते. ते म्हणाले, सिद्धता राहू दे, मी अठरावी काढून दाखवतो.

पुढचे सात-आठ महिने ते हेच करत होते. ज्या माणसाचा कागदावर विश्वास नव्हता त्यानं चौकटीच्या वह्या आणल्या. दोन-चार दिवसांनी जेवणानंतर वही माझ्यासमोर सरकवायचे आणि बघत बसायचे. मी पेन्सिलीनं खुणा करायची: या बिंदूभोवती अर्ध्या फेऱ्यात नक्षी जुळते, या रेघेवर आरसा धरला तर जुळते, इथं आरसा धरून अर्धं पाऊल सरकवलं तर जुळते. शेवटी सांगायची की ही सतरांतली अमुक. ते वही घेऊन उठायचे. एकदा तर त्यांनी इतकी गुंतागुंतीची वेल काढली होती की मला दोन संध्याकाळी लागल्या. तीही सतरांतलीच निघाली. पण त्या निमित्तानं त्यांनी सतरांपैकी सोळा स्वतःच्या डोक्यानं शोधून काढल्या होत्या, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी पुस्तकातून एक-एक पाठ केली होती.

मग एका रविवारी मी उठून बाहेर आले तर बैठकीच्या खोलीत पुठ्ठ्याचे पंचकोन पसरले होते. बुटांच्या खोक्यांचे, मिठाईच्या डब्यांचे, लग्नपत्रिकांचे. बाबा मधोमध बसले होते. सहा बाजूंची घरं मधमाशीला जमतात, चारची आपल्याला जमतात, तिनाचीही जमतात, मग पाचाची का नाही, म्हणून ते पहाटेपासून बसले होते. तीन पंचकोन एका टोकाशी जुळवले की एक अरुंद फट उरायची. चौथा बसवायला जागा नाही, आणि तिघांनी भरत नाही. ते कोनमापक घेऊन आले, माझ्याच शाळेच्या कंपासपेटीतला. फट मोजली. छत्तीस अंश.

"पुठ्ठा वाकडा कापला असंल म्हून पुन्ना कापले," ते म्हणाले. "तीनदा कापले. फट तेवढीच ऱ्हायली."

मी शेजारी बसले आणि त्यांना सांगितलं की पाचाचं फूल नक्षीत घालता येतं, पण अख्खी नक्षी पाचाच्या फेऱ्यात जुळत नाही. दोन, तीन, चार, सहा, एवढेच फेरे चालतात. स्फटिकांनाही तेच लागू. मिठाच्या खड्याला, साखरेच्या दाण्याला, तुरटीला.

ते पंचकोनांकडं बघत होते. हे कुणी ठरवलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणीच नाही, ते तसंच आहे. म्हणजे ज्यानं पहिली जाळी कोरली त्यालाही सतराच? त्यालाही. आणि अजून हजार वर्षांनी जो कुणी करील त्याला? त्यालाही.

मला वाटलं ते खट्टू झाले. इतके महिने घालवले होते त्यांनी. मी तसं विचारलं.

"वाईट कामून वाटंल?" ते म्हणाले. "जागा एवढुशीच हाय. आन तेवढ्यात बसून लोकायनी काय काय करून ठिवलं."

ते उठले, फरशीवरचे पंचकोन गोळा केले आणि एकावर एक नीट रचून वह्यांशेजारी ठेवले.  

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सकाळी बाबा न्हाणीघरातून बाहेर आले ते अर्धी दाढी करून. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच. आईला वाटलं पाणी गेलं. तिनं विचारलं तर म्हणाले, झाली की दाढी. मग खोलीत येताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला, आणि डावा हात नुसता लोंबत होता. मी तेव्हा कॉलेजला निघाले होते. हातातली पर्स टाकून त्यांना तसंच रिक्षात घातलं.

मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी झाली होती. जिवावरचं टळलं. दहा-बारा दिवसांनी हातात थोडी हालचाल आली, बोलणं स्वच्छ होतं, ओळख पूर्ण होती. पण डॉक्टरीणबाईंनी, शांत स्वभावाच्या मध्यमवयीन बाई होत्या त्या, बाबांना घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी गोल काढला आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे गोलाच्या उजव्या अंगाला दाटीवाटीनं बसवले. डावं अंग कोरं. फूल काढायला सांगितलं, तर पाकळ्या फक्त उजवीकडं. आणि कागद खाली ठेवताना चेहऱ्यावर काम पुरं केल्याचं समाधान.

आयुष्यभर ज्या माणसानं डाव्याला उजवं जुळवलं, त्याच्या हातचं ते अर्धं फूल मी बघत होते. 

बाई मला बाहेर घेऊन गेल्या आणि समजावून सांगितलं. डोळे ठीक आहेत. डाव्या बाजूचं चित्र डोळ्यांत पडतं. पण मेंदूचा जो भाग त्या बाजूची दखल घेतो, तो दुखावला आहे. त्यांना डावीकडचं दिसत नाही असं नाही. डावीकडं काही असतं हेच त्यांच्या लेखी उरलेलं नाही. म्हणून काही हरवल्याचंही कळत नाही. बऱ्याच जणांत हे हळूहळू सुधारतं, किती ते सांगता येत नाही.

घरी आणल्यावर पहिल्या दुपारी आईनं ताट वाढलं. उजवीकडं भाकरी, डावीकडं पिठलं. बाबांनी कोरडी भाकरी तोडून खाल्ली आणि विचारलं की आज कालवण नाही का. आई काही बोलणार होती. पण ती खाली वाकली आणि तिनं ताट अर्धं फिरवलं.

"हे काय, हाय की पिठलं," बाबा म्हणाले आणि जेवायला लागले.

तेव्हापासून आई प्रत्येक जेवणात मधेच एकदा ताट फिरवायची. चेहऱ्यावर काही न दाखवता, आपल्यात तशीच पद्धत असल्यासारखं. तिला सममिती वगैरे काही ठाऊक नव्हतं. तिला एवढं कळलं होतं की त्यांची डावी बाजू त्यांच्याकडं येत नाही, तर आपण ती उजवीकडं नेऊन द्यायची.

मी तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते फिरणारं ताट बघत होते आणि एकदम उठून वही आणली. बाबांना म्हटलं, तुमची दोन वळ्यांची ग्रिल काढून दाखवा. ही त्यांची फार आवडती नक्षी. मधल्या गाठीपासून उजवीकडं एक वळी वर चढून आत वळते, आणि डावीकडं दुसरी खाली उतरून आत वळते. इंग्रजी एस आडवा ठेवल्यासारखी. बाबांनी पेन्सिल घेतली, मधली गाठ काढली, उजवी वळी काढली. वळण अचूक. डावीकडं कोरा कागद. पेन्सिल ठेवली.

मी विचारलं, झालं?

"झालं की."

मी कागद अर्धा फिरवला. आता त्यांनी काढलेली वळी डावीकडं गेली, म्हणजे त्यांच्या जगातून गेली, आणि उजवीकडं मधल्या गाठीच्या पुढं काहीच नव्हतं. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कुणी अर्धं सोडलं?"

 त्यांनी पेन्सिल उचलली आणि गाठीपासून वळी काढली, वर चढून आत वळणारी.

कागदावर पूर्ण नक्षी होती. दोन्ही वळ्या, एकीची दुसरीशी नीट जुळणारी, जणू एका दमात काढलेल्या. ज्याच्या जगाला डावी बाजू नव्हती त्या माणसानं डावी बाजू काढली होती. ती नक्षीच तशी होती: अर्ध्या फेऱ्यानं स्वतःवर येऊन बसणारी. मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर हा अर्धा फेरा काढला होता, दोन बाणांची साधी खूण. ती खूण काय करू शकते, हे मला तोवर खरोखर माहीत नव्हतं. आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

मग मी कागद सरकवत सरकवत त्यांच्या पार उजव्या अंगाला नेला, कोपराच्याही पलीकडं. तिथं त्यांना तो पूर्ण दिसला. ते एका वळीवरून बोट फिरवत गाठीपर्यंत आले आणि तिथून दुसऱ्या वळीवर गेले.

"हे दोनी बी मी काढलं?"

मी व्हय म्हटलं.

त्यांनी बराच वेळ कागद बघितला. मग पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं की आपल्याला काय झालंय. तोपर्यंत ते सगळ्यांना सांगत होते, काही नाही, हात जरा जड झालाय. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, फक्त ते पुसताना त्यांनी एकच डोळा पुसला. दुसरा मी पुसला.

दुसऱ्या दिवशी मी हुरूपानं कमळ काढायला लावलं. उजव्या पाकळ्या झाल्या, कागद फिरवला, पुन्हा उजव्या पाकळ्या झाल्या. आणि कागदावर एक विचित्र प्रकार तयार झाला: अर्धं कमळ उभं, अर्धं डोक्यावर. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कागद त्यांच्या उजवीकडं नेऊन दाखवला, तर बाबा दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले.

"कॉलेजात काय शिकवतीस तू?" ते म्हणाले. "कमळ आरशाचं काम हाय. ते फिरवून नाय व्हायचं."

 डावीकडचा पाण्याचा तांब्या त्यांना सापडत नव्हता. डाव्या बाहीत हात घालायचा राहून जायचा. आणि कमळाची डावी बाजू कशी असते, ती फिरवून येत नाही, आरशातूनच येते, हे त्यांना स्वच्छ ठाऊक होतं. जगातून गेलेली डावी बाजू त्यांच्या आत कुठंतरी शाबूत होती. मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही कागद पुन्हा पुन्हा बघितले. म्हणाल्या, या दोन कागदांची नक्कल मला हवी.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही घरात प्रत्येक गोष्टीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ताटाला, आरशाला, दाराच्या चौकटीला, वर्तमानपत्राला. बाबांनी काहीही करण्याआधी मान वळवत जायचं, लाल दिसेपर्यंत. सुरुवातीला ते अर्ध्यातच थांबायचे आणि म्हणायचे, इथं संपलं. आई म्हणायची, अजून थोडं, अवो, अजून थोडं. असे चार-पाच महिने गेले. प्रगती सरळ रेषेत झाली नाही. एखाद्या आठवड्यात सगळी भाकरी संपायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्धी उरायची. शेड त्यांच्या जुन्या जोडीदार वेल्डरचाचांनी सांभाळली. ते रोज संध्याकाळी येऊन मुद्दाम बाबांच्या डाव्या बाजूला बसायचे आणि बाबांनी मान वळवून सलामाला उत्तर देईपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत.

एकदा मी बाबांना विचारलं की तेव्हा डावीकडं काय दिसायचं. अंधार होता का, धूसर होतं का. त्यांनी विचार करून सांगितलं.

"तुला तुह्या पाठीमागं आत्ता काय दिसायलंय?"

मी म्हटलं, काहीच नाही.

"काळं दिसतंय का?"

नव्हतं दिसत काळं. काहीच दिसत नव्हतं. नसण्यालाही जागा लागते, ती जागाच नव्हती. मी तिथं बसून माझ्या पाठीमागच्या त्या नसलेल्या जागेचा विचार करत राहिले. मग ते म्हणाले की डावी बाजू परत यायला लागली तेव्हा ती एकदम आली नाही. आधी कडा आली, भिंतीला ओल चढते तशी, रोज बोटभर.

मागच्या महिन्यात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी बारा, सहा, तीन, नऊ असे आधी चार आकडे मांडले आणि मग मधले भरले. नऊ आणि दहा जरा जवळ आले होते, ते त्यांनी स्वतः खोडून पुन्हा लिहिले. बाईंनी कागदाकडं बघून मान हलवली आणि सांगितलं की आता वर्षातून एकदा यायचं.

बाहेर येऊन रिक्षा केली. मी आत सरकून त्यांना उजवीकडं जागा देत होते, सवयीनं. ते म्हणाले, नको, मी इकडं बसतो, आणि वळसा घालून डावीकडून चढले. रिक्षा औरंगपुऱ्यातून निघाली. गर्दी होती, हळूहळू चाललो होतो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की बाबा काहीतरी पुटपुटतायत. मी कान दिला. ते डाव्या बाजूच्या दुकानांच्या पाट्या वाचत होते. साडी सेंटर. चष्म्याचं दुकान. इथं झेरॉक्स काढून मिळेल. दातांचा दवाखाना, पहिला मजला. गाळा भाड्यानं देणे आहे. एकही पाटी सुटत नव्हती. हळूहळू आवाज वाढला. रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि काय समजलं कुणास ठाऊक, त्यानं वेग आणखी कमी केला.

पैठण गेट गेलं, क्रांती चौक गेला. बाबा वाचत होते. गारखेड्याचं वळण आलं तरी त्यांचं वाचन चालूच होतं.